रंगाचा डबा उघडण्याआधी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणानंतरचे काही प्रश्न शेवटी जोडले आहेत.)



सांस्कृतिक समितीने मला फोन करून विषय विचारला, तेव्हा मी सांगितलं, "रंग देण्याआधी भिंतीचं काय करायचं." पलीकडे थोडा वेळ शांतता. बँकेतला माणूस म्हणजे मुदत ठेवी, नॉमिनेशन, मृत्युपत्र यांवर बोलणार अशी त्यांची समजूत होती. त्या विषयांवर मी याच सभागृहात दोनदा बोललो आहे, आणि नॉमिनेशनचे फॉर्म अजूनही निम्म्या सभासदांनी भरलेले नाहीत. तेव्हा यंदा म्हटलं, भिंतीकडे वळू. निदान भिंत ऐकते तरी.

मी काही व्यावसायिक रंगारी नाही. पण निवृत्तीनंतर आमच्या घरातल्या चारही खोल्या मी स्वतःच्या हाताने रंगवल्या, आणि मुलीच्या फ्लॅटमधल्या दोन. शिकलो ते आमच्या जुन्या शाखेची रंगरंगोटी करायला येणाऱ्या एका वयस्कर रंगाऱ्याकडून. शनिवारी दुपारी कामकाज संपलं की ते यायचे आणि मी किल्ल्या सांभाळत बसायचो. शाखेची मधली खोली रंगवायला ते पाच दिवस घेत, त्यातला रंगाचा डबा चौथ्या दिवशी उघडत. पहिले तीन दिवस खरवडणं, धुणं, भरणं, घासणं. हेड ऑफिसला घाई असायची, यांना नसायची. त्यांनी केलेली खोली सात-आठ वर्षं हात न लावता टिकायची. नंतर टेंडर काढून दुसरे लोक आले, दोन दिवसांत काम उरकलं, आणि दुसऱ्याच पावसाळ्यात कॅशियरच्या डोक्यावर पोपडे पडू लागले.

आपल्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता म्हणा. दसऱ्याच्या आधी चुन्याची कळी आणायची, पिंपात भिजत घालायची, ती खदखदायची, आम्ही पोरं लांबून बघायचो. दुसऱ्या दिवशी गाळून त्यात डिंक किंवा मीठ आणि थोडी नीळ, आणि घायपाताच्या कुंच्याने सगळ्या भिंती. खाली गेरूचा पट्टा. भिंत तयार करायची वगैरे भानगड नाही, कालच्या चुन्यावर आजचा चुना. मातीच्या आणि चुन्याच्या भिंतींना ते चालायचं. पण त्याच सवयीने आपण आज सिमेंटच्या भिंतीवर, जुन्या डिस्टेंपरवर महागातलं प्लास्टिक इमल्शन फासतो. चुना किंवा सुटा झालेला डिस्टेंपर खाली असेल, तर वरचा रंग भिंतीला चिकटतच नाही. तो त्या पावडरीला चिकटतो. मग पावडर सुटली की रंगाची पापडी हातात येते.

आता मुद्द्यावर येतो. आपली इमारत पंचवीस वर्षांची झाली. सुरुवातीला राहायला आलेल्यांची मुलं आता कर्ती झाली आहेत, आणि त्यांतली बरीच जण आयुष्यात पहिल्यांदा स्वतः खोली रंगवायला निघाली आहेत. मोबाइलवर बघून करतात, चांगली गोष्ट आहे. पण मोबाइलवरची भिंत बहुतेक वेळा कोरडी ठणठणीत असते. आपली भिंत कोकणच्या पावसात चार महिने उभी असते.

म्हणून पहिलं काम : ओल. पश्चिमेकडच्या भिंती, खिडकीच्या खालचा भाग, बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत, आणि वरच्या मजल्याच्या बाथरूमखालचं छत, एवढ्या जागा आधी बघा. तळहात लावा. गार लागतंय का? रंग फुगलाय का? पांढरी, मिठासारखी बुरशी दिसते का? तिला आपण लोणा म्हणतो. ती खरी बुरशी नव्हे, क्षार असतात. भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार बरोबर आणतं, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. त्यावर रंग मारला तर ते रंगाला आतून ढकलतात.

नक्की कळत नसेल तर एक सोपी परीक्षा आहे. एक फूट लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि एक दिवस, एक रात्र तसाच ठेवा. काढताना बघा. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, दव जमलं असेल किंवा भिंत काळपट झाली असेल, तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला दव असेल तर ते खोलीतल्या हवेतलं. पहिल्या प्रकारात रंगाचं नाव काढायचं नाही. दुसऱ्या प्रकारात खिडक्या उघडा, पंखा लावा, थोडे दिवस थांबा.

पाणी कुठून येतंय हे शोधल्याशिवाय त्यावर वॉटरप्रूफ म्हणून जे काही मिळतं ते आतून चोपडू नका. पाणी दुसरीकडून वाट काढतं, बहुतेक वेळा शेजारच्या खोलीत. आणि इथे आपल्या सोसायटीतला नेहमीचा वाद सुरू होतो : खर्च कोणाचा? आदर्श उपविधी वाचा, ऑफिसात प्रत आहे. पावसाचं पाणी बाहेरून झिरपत असेल, किंवा बाहेरच्या सामाईक पाइपची, ड्रेनेजच्या लाइनची गळती असेल, तर दुरुस्ती सोसायटीची. सदनिकेच्या आतल्या कामातून गळत असेल, म्हणजे वरच्यांच्या बाथरूमची लादी, नहाणीचा सांधा, तर ते त्या सभासदाचं. गेल्या वर्षी आपल्याच दोन घरांत यावरून बोलणं बंद झालं होतं. दोघांनीही मला मध्यस्थी करायला लावली. उपाय काय निघाला, तर वरच्या बाथरूममध्ये रंगीत पाणी तुंबवून ठेवलं आणि खाली काय रंग येतो ते पाहिलं. खाली काहीच रंग आला नाही. गळती बाहेरच्या पाइपच्या बेंडला होती. म्हणजे खर्च सोसायटीचा, आणि दोन्ही घरं वर्षभर उगाच तोंड फिरवून होती.

ऋतूचंही सांगतो. आपल्याकडे रंग म्हणजे दिवाळीच्या आधी, असा नियमच झालाय. पाऊस संपतो न संपतो तोच पेंटर शोधायची धावपळ, पेंटर चार घरं एकदम धरतो, आणि पावसाने भिजलेली भिंत अजून सुकलेली नसते. माझ्या मते डिसेंबर ते मे हा आपल्याकडचा खरा रंगाचा काळ. पेंटर मोकळा असतो, भिंत कोरडी असते. दिवाळीला पाहुणे आपल्याकडे फराळासाठी येतात, भिंती तपासायला नव्हे.

आता दुसरा विषय, आणि मला खरं तर याच्याचसाठी बोलायचं होतं. भेगा.

सगळ्या भेगा सारख्या नसतात. केसाएवढ्या, जाळीसारख्या पसरलेल्या भेगा गिलाव्याच्या असतात. त्यांना घाबरायचं कारण नाही, पुट्टीत भरून जातात. दुसरी भेग विटांची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम किंवा बीम जिथे भेटतात तिथे सरळ रेघेत येते. वीट आणि काँक्रीट उन्हा-थंडीत सारखे ताणत-आखडत नाहीत, म्हणून ती येते. ती नुसती पुट्टीने बुजवली तर वर्षभरात पुन्हा उघडते. पटाशीने ती भेग जरा इंग्रजी व्हीसारखी रुंद करायची, धूळ काढायची, क्रॅक भरायचा लवचिक मसाला भरायचा, आणि त्यावर फायबरच्या जाळीची पट्टी बसवून मग पुट्टी.

तिसऱ्या प्रकारची भेग मात्र निराळी. छतात किंवा बीमच्या खालच्या बाजूला, सळईच्या दिशेने लांब गेलेली. शेजारी तांबूस-तपकिरी डाग. बोटाने ठोकलं तर पोकळ वाजतं. कधी गिलाव्याचा तुकडा पडून आत गंजलेली सळई दिसते. लोखंड गंजलं की त्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो आतून काँक्रीटला ढकलतो, काँक्रीट फुटतं, फटीतून आणखी हवा-पाणी आत जातं, आणखी गंज. हे काम रंगाऱ्याचं नाही. पुट्टीचं तर नाहीच नाही.

मी हे का सांगतोय? ए विंगमधल्या आमच्या एका समवयस्क दांपत्याच्या स्वयंपाकघराच्या छतावर असा डाग आहे. दर दिवाळीला पेंटर येतो, तेवढा भाग खरवडतो, पुट्टी भरतो, पांढरं करतो, आणि पाडव्यापर्यंत ते छत छान दिसतं. गेल्या वर्षी वहिनी पोळ्या करताना तळहाताएवढा तुकडा ओट्यावर पडला. फूटभर इकडे पडला असता तर काय झालं असतं ते मी बोलत नाही. मी त्यांना विचारलं, कार्यकारिणीला का कळवलं नाही? तर म्हणाले, "अहो, कळवलं की सगळ्यांच्या डोक्याला खर्च, आणि उद्या मुलाने फ्लॅट विकायचा म्हटलं तर भाव पडतो."

ही भीती एकट्या त्यांचीच आहे असं मला वाटत नाही. म्हणून आज सर्वांसमोर बोलतोय. त्या दांपत्याची परवानगी घेऊनच बोलतोय. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर ५ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं, आणि ३० वर्षांपुढे दर ३ वर्षांनी. आपलं ऑडिट येत्या जानेवारीत ठरलंय. इंजिनिअर येईल तो डोळ्यांनी बघणार, हातोडीने ठोकून बघणार. तुम्ही दिवाळीत डाग झाकलेत, तर त्याला दिसणार काय? माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. छतावर, बीमवर, कॉलमवर असा डाग किंवा भेग असेल तर ऑडिट होईपर्यंत त्याला पुट्टी लावू नका. बाकी खोली खुशाल रंगवा. तेवढा भाग तसाच राहू दे. पेन्सिलने भेगेच्या दोन्ही टोकांना खूण करा, शेजारी तारीख लिहा, मोबाइलवर फोटो काढा. जानेवारीपर्यंत भेग खुणेच्या पुढे गेली असेल तर इंजिनिअरला ते कळणं फार उपयोगाचं आहे. बँकेत आम्ही कर्ज देताना तारण बघायला जायचो, तेव्हा ताजा रंग दिसला की जास्त बारकाईने बघायचो. विकत घेणाराही आजकाल तेवढा शहाणा असतो.

असो. आता पुन्हा खोलीत येऊ.

बी विंगमधलं एक तरुण जोडपं मध्यंतरी मला भेटलं. मार्गशीर्षात त्यांच्याकडे बाळ यायचंय. बाळासाठी आतली खोली दोघांनी मिळून रंगवायची, असा बेत. मुलगा म्हणाला, "काका, कुठल्या कंपनीचा रंग घेऊ?" मी म्हटलं, आधी खोली दाखव. खोलीत गेलो तर खालून चार फुटांपर्यंत जुन्या मालकांनी मारलेला हिरवा ऑइल पेंट. त्याच्यावर आणखी कोणीतरी फिकट रंग मारलेला, आणि तो नखाने निघत होता. मुलाने घासायचं मशीन भाड्याने आणायचंही ठरवलं होतं.

मी त्याला थांबवलं. का, ते नीट ऐका. जुन्या ऑइल पेंटमध्ये, त्यातही पिवळ्या, लाल, हिरव्या छटांमध्ये, शिसं असायचं. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत ९० भागांची, मर्यादा घालणारे नियम २०१६ साली निघाले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधीचा ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं असं धरूनच चालायचं. भिंतीवर तो गप्प बसलेला असतो तोवर ठीक. कोरडा घासला की त्याची धूळ होते. ती जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते, हात तोंडात जातो. शिसं मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, आणि त्याची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गर्भवती स्त्रीने तर त्या धुळीजवळ फिरकूच नये.

मग काय केलं? मशीन रद्द. सूनबाई डोहाळजेवणासाठी माहेरी जाणारच होत्या, काम तेव्हाच काढलं. वरचा सुटा रंग पाण्याचा फवारा मारून, ओला ठेवून पत्र्याने काढला. खालचा हिरवा जिथे घट्ट होता तिथे तो उखडायच्या फंदात पडलो नाही. फक्त चकाकी जाईपर्यंत पाण्यात चालणारा पॉलिश पेपर ओल्याने हलका फिरवला. जमिनीवर जाड प्लॅस्टिक, तोंडाला एन-९५ मास्क. कोविडच्या काळातले अजून घरोघरी पडून आहेत, रुमाल बांधून भागत नाही. निघालेला चिखल त्याच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधला. झाडू अजिबात नाही, ओल्या फडक्याने दोनदा पुसलं, आणि कामाचे कपडे वेगळे धुतले. मग सॉल्व्हंटवर चालणारा प्रायमर. ऑइल पेंटवर पाण्याचा रंग थेट मारला तर तो पकडत नाही, वरचा फिकट रंग नखाने निघत होता तो त्याचमुळे.

खाली कुठला रंग आहे हे ओळखायचं कसं? कापसाच्या बोळ्यावर मेडिकलच्या दुकानात मिळतं ते स्पिरिट घ्या आणि कोपऱ्यात चोळा. रंग मऊ होऊन बोळ्याला लागला तर पाण्याचा इमल्शन. काहीच झालं नाही तर बहुधा ऑइल पेंट. आणि नुसता काळा किंवा गडद कपडा कोरडाच फिरवला आणि तो पांढरा झाला, तर चुना किंवा सुटलेला डिस्टेंपर. तो मात्र पूर्ण काढायचा. भिंत ओली करा, दहा मिनिटं मुरू द्या, पत्र्याने खरवडा. कंटाळवाणं काम आहे, पण यात सूट नाही. रंग घट्ट आहे की नाही याची आणखी एक खूण म्हणजे चिकटपट्टी. भिंतीवर दाबून लावा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंग आला तर तो काढायच्या यादीत.

स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली भिंत याबद्दल दोन शब्द. फोडणीचा धूर वर्षानुवर्षं भिंतीवर बसतो. डोळ्यांना दिसत नाही, पण तेलकट थर असतो, आणि त्या थरावर रंग मासोळीच्या डोळ्यासारखा गोल-गोल फुटतो. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून स्पंजने खालून वर पुसा. वरून खाली पुसलं तर मळकट ओघळ सुक्या भिंतीवर डाग पाडतात. मग स्वच्छ पाण्याने दोनदा. सोडा भिंतीवर राहिला तर तोही रंगाला धरू देत नाही. आणि हो, स्पंज घेण्याआधी त्या खोलीचा एमसीबी खाली करा. स्विचबोर्डाच्या भोवती ओला स्पंज फिरवताना मी लोकांना पाहिलंय. स्विचबोर्डाच्या पट्ट्या काढून ठेवल्या तर फारच उत्तम. रंगाने माखलेला स्विचबोर्ड हा आपल्याकडचा राष्ट्रीय अलंकार झालाय.

काळी बुरशी असेल तर ब्लीच. एक भाग ब्लीच, तीन-चार भाग पाणी, पंधरा-वीस मिनिटं ठेवून धुऊन टाकायचं. हातमोजे, खिडक्या उघड्या. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड किंवा अमोनियाचं काहीही कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. दोन्ही मिळून जास्त स्वच्छ निघेल असं वाटणारी मंडळी आपल्यात आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. आणि ओल बंद केली नसेल तर बुरशी पुढच्या श्रावणात परत हजर.

आता पुट्टी. दुकानदार विचारतो, कुठली देऊ? दोन प्रकार आहेत. एक व्हाइट सिमेंटची पावडर, पाण्यात कालवायची. दुसरी अ‍ॅक्रिलिक, डब्यात तयार लोण्यासारखी. सिमेंटची पुट्टी उघड्या गिलाव्यावर उत्तम धरते, पण जुन्या रंगावर ती धरत नाही. जुना घट्ट रंग ठेवून फक्त खळगे, खिळ्यांची भोकं भरायची असतील तर अ‍ॅक्रिलिक घ्या. सिमेंटच्या पुट्टीआधी भिंत हलकी ओली करायची, नाहीतर गिलावा तिचं पाणी शोषून घेतो आणि ती पावडर होऊन सुटते. कालवलेली पुट्टी दोन-तीन तासांत संपवायची. घट्ट झाली म्हणून त्यात पुन्हा पाणी घालून ढवळायचं नाही. ज्या वहिनींना पिठलं पातळ करायची सवय आहे त्यांना हे जड जाईल. एक हात सुकला की दुसरा हात, प्रत्येक हात पातळ, दीड मिलिमीटरच्या आत. खोल खड्डा पुट्टीने भरायचा नाही, तो आधी वाळू-सिमेंटने भरून सुकू द्यायचा.

किती लागेल? समजा खोली १० बाय १२, उंची साडेनऊ फूट. चार भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले साडेनऊ, ४१८ चौरस फूट. त्यातून ३ बाय ७ चा दरवाजा म्हणजे २१ आणि ४ बाय ४ ची खिडकी म्हणजे १६ वजा, राहिले ३८१. छताचे १२० मिळवा, ५०१. हा आकडा कागदावर काढून ठेवा. पुट्टीच्या पिशवीवर एका किलोत दोन हातांना किती चौरस फूट ते छापलेलं असतं, त्याने भागा. पेंटरला काम देणार असाल तरी हा आकडा तुमच्याकडे हवा. पेंटरच्या मापात खिडक्या-दरवाजे वजा झालेले नसतात. काही ठिकाणी तशी पद्धतही असते, पण ती आधी बोलून ठरवावी. आणखी एक. 'फुल पुट्टी' आणि 'टचअप पुट्टी' हे दोन वेगळे भाव आहेत. कागदावर लिहून घ्या : कुठे फुल, किती हात, प्रायमर किती हात. पैशाचा एक हप्ता पुट्टी घासून झाल्यावर, आणि तो तुम्ही भिंत बघितल्यावरच. प्रायमर पडला की खालचं काही दिसत नाही.

बघायचं कधी? रात्री. दिवे घालवा आणि टॉर्च भिंतीला टेकवून, भिंतीच्या बाजूने प्रकाश सोडा. दिवसा गुळगुळीत वाटणाऱ्या भिंतीवर डोंगर-दऱ्या दिसतील. पेन्सिलने गोल करून ठेवा, सकाळी तिथे पुन्हा हात. घासायला आधी १२० किंवा १५० नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी १८० किंवा २२०. नंबर वाढला की पेपर बारीक. पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घ्या, नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या खळग्या पडतात. घासून झालं की मऊ ब्रशने धूळ खाली पाडा, मग घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा. तळहात फिरवून बघा, पांढरा झाला तर अजून पुसायचंय. मग प्रायमर, डब्यावर सांगितलं तेवढंच पाणी घालून. पाणी वाढवून डबा पुरवणं ही बचत नाही, त्यात चिकटपणाच जातो.

ज्यांनी नवा गिलावा केलाय, बाथरूमची दुरुस्ती किंवा भिंत पाडून नवी बांधली आहे, त्यांनी घाई करू नये. गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारायचं, आणि त्यानंतर किमान चार आठवडे तो सुकू द्यायचा. नव्या सिमेंटमध्ये अल्कली असते, ती रंगाच्या छटा जाळते आणि ऑइल पेंटचा साबण करते. पावसाळ्यात केलेलं काम असेल तर चार आठवड्यांचे आठ धरा.

माझं एवढंच. प्रश्न विचारा.

प्रश्न (सी विंगमधल्या आजी) : भिंतीत कॅलेंडर आणि फोटोंचे पुष्कळ खिळे आहेत. सगळे काढायचे का?
उत्तर : आजी, लागणारे ठेवा. पण ठेवलेल्या खिळ्याचा गंज रंगातून बाहेर येतो, तेव्हा त्याला आधी पॉलिश पेपर मारा आणि रेड ऑक्साइडचा एक थेंब लावा. न लागणारा खिळा काढून भोक भरा.

प्रश्न : ओलीच्या भिंतीवर वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनेल लावलं तर?
उत्तर : दिसणार नाही, एवढंच. मागे बुरशी वाढेल, आणि घरात दम्याचा माणूस असेल तर त्याला आधी कळेल. आपल्याकडे दोन घरांत असं पॅनेल उघडून बघितलंय. बघणारे इथेच बसले आहेत, त्यांना विचारा.

प्रश्न (इयत्ता चौथी) : आजोबा, आमच्या भिंतीवर माझी उंची लिहिलीये, तीपण पुसायची?
उत्तर : बाळा, आईला सांग, एक लांब कागदाची पट्टी भिंतीला लावून सगळ्या खुणा आणि तारखा उतरवून घे, आणि ती कपाटाच्या दाराला आतून चिकटव. पेन्सिलीची असेल तर पुसली जाते. स्केचपेनची असेल तर तीन हात रंगातूनही वर येते, तिथे आधी डाग दाबणारा प्रायमर लागेल.

प्रश्न : आमच्या छतावर डाग आहे, पण डिसेंबरात घर भाड्याने द्यायचंय. ऑडिटपर्यंत थांबणं शक्य नाही.
उत्तर : मग जानेवारीची वाट बघू नका. उद्याच ऑफिसात लेखी कळवा. ऑडिटच्या इंजिनिअरला तेवढ्यापुरतं आधी बोलवायला सेक्रेटरीसाहेब तयार आहेत, आत्ताच मान हलवली त्यांनी. भाडेकरूच्या घरात लहान मूल आहे म्हणता, मग तर नक्कीच.

प्रश्न : एकटा माणूस, १० बाय १२ ची खोली. एकूण दिवस किती?
उत्तर : पहिला दिवस सामान हलवणं, पट्ट्या काढणं, खरवडणं. दुसरा दिवस धुणं, आणि त्यानंतरचा एक दिवस नुसता सुकवायला. चौथ्या दिवशी भेगा आणि पुट्टीचा पहिला हात, पाचव्या दिवशी दुसरा. सहाव्या दिवशी घासणं, रात्री टॉर्च. सातव्या दिवशी राहिलेले खळगे, पुसणं आणि संध्याकाळी प्रायमर. रंगाचा डबा आठव्या दिवशी. घोडा माझ्याकडे आहे, पाच फुटी. वॉचमनकडे नाव लिहून न्या आणि परत आणताना पुट्टी पुसून आणा.